डब्यातली दोनशेची नोट आणि पहाटेची शीळ

(पत्र चार पानी होतं, कामापुरतं इथे देते.)

"काकू, मी आणि नवरा मार्चमध्ये पुणं सोडून गोव्यात वाळपईच्या पुढे एका गावात चिऱ्याचं जुनं घर भाड्याने घेऊन राहायला आलोय. दोघांचंही वर्क फ्रॉम होम. एप्रिलमध्ये स्वर्ग वाटत होता. आता जुलै लागलाय आणि मला रोज रडू येतं. टोमॅटो-मिरचीची साठ रोपं लावली, आठवड्यात सगळी उभ्या उभ्या माना टाकून मेली. ॲपवर ऊन दाखवतात तेव्हा इथे धोधो, आणि पाऊस दाखवतात तेव्हा कोरडं. कपाटातल्या बॅगांना बुरशी आलीय. नवरा पक्ष्यांसाठी सोप्यावर रोज तांदूळ-बाजरी टाकतो, परवा लाकडांच्या ढिगातून हा एवढा साप निघाला. पहाटे साडेचारला मागच्या व्हाळाकडून (ओढ्याकडून) कुणीतरी माणूस शीळ घालतो, मला भीती वाटते, नवरा म्हणतो भास आहे. शेजारच्या वहिनींनी अळम्यांचं, म्हणजे रानातल्या मशरूमचं, तोंडाक (कालवण) पाठवलं होतं, मी डबा धुऊन त्यात दोनशेची नोट घालून परत केला, तेव्हापासून त्या नीट बोलत नाहीत. डब्याचं झाकण माझ्याकडेच राहिलंय. आमचं चुकलं का? परत जावं का?" खाली सही: भिजलेली.

बाय, पहिलं सांगते, राहायचं की परत जायचं हे जुलैत ठरवू नको. आषाढात गोव्यात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, माझंही नसतं, आणि मला इथे पस्तीस वर्षं होऊन गेलीत. मी मूळची सांगलीची. १९८९ च्या मे महिन्यात लग्न होऊन फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला आले, कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) घर, वर माडी, म्हणजे सुपारीची झाडं, खाली केळी, दुपारी बारालाही स्वयंपाकघरात दिवा लावायला लागायचा. सांगलीला अख्ख्या वर्षात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत पडतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लग्नातल्या शालूवर पांढरे ठिपके दिसले तेव्हा न्हाणीचं दार लावून रडले होते, आणि बाहेर सासूबाई शांतपणे म्हणत होत्या, अगो, शालू पेटीत कशाला ठेवलास, चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचा. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

आता शिळेचं, कारण तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त हसू त्याचंच आलं (रागावू नको). तो माणूस नाही, पक्षी आहे. शीळकरी कस्तुर. सह्याद्रीत ओढ्या-व्हाळांच्या काठी दगडाच्या कपारीत घरटं करतो, आणि पाऊस सुरू झाला की उजाडायच्या आधीच गायला लागतो, आणि गातो म्हणजे कसं, तर एखादा पोरगा खिशात हात घालून रमतगमत शीळ घालत चाललाय, सूर अर्धवट उचलतो, विसरतो, परत दुसरीकडूनच धरतो, अगदी तसं. साहेब लोकांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा असंच नाव ठेवलंय, बघ म्हणजे घाबरणारी तू पहिली नाहीस. दिसायला लांबून कावळ्यासारखा काळा, पण उजेड पडला की खांद्यावर आणि कपाळावर असा निळा चमकतो की मोरपीस चिकटवलंय वाटतं. नवऱ्याला उद्या साडेचारला उठव आणि मागच्या दारात उभा कर. भास म्हणतो काय.

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर नवऱ्यासाठीही दोन शब्द, आणि ते जरा कडक आहेत, वाचून दाखव. दाणे टाकणं बंद करा. आजपासून. शहरात बाल्कनीत दाणे टाकले तर फार तर कबुतरं येतात आणि सोसायटीत भांडण होतं, इथे गोष्ट वेगळी आहे, दाणे आले की रात्री उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप येतो, हे इतकं सरळ आहे. तू वर्णन केलंयस त्यावरून, लांब, पिवळट-तपकिरी, दिवसाढवळ्या सळसळत गेला, तो बहुतेक धामण असावा, बिनविषारी, उंदीर खाणारा, म्हणजे खरं तर तुमचाच पसारा आवरायला आलेला. पण फोटोशिवाय मी खात्रीने सांगणार नाही आणि तूही अंदाजाने हात लावू नको, कारण ज्या उंदरामागे धामण येते त्याच उंदरामागे नाग आणि घोणसही येतात. लाकडं घराच्या भिंतीला लावून रचू नका, लांब रचा आणि जमिनीपासून वीतभर उंच. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पाय नाही, गमबूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचे, आणि जमिनीवर झोपायचं नाही, मण्यार रात्रीच फिरते. देव न करो पण कुणाला चावलंच तर कापाकापी नाही, दोरी आवळून बांधणं नाही, गावठी औषधात वेळ घालवणं नाही, हातपाय हलवू न देता सरळ १०८ ला फोन आणि हॉस्पिटल. एवढं पुरे, यावर जास्त लिहून तुझी झोप घालवत नाही.

पक्षी हवेत तर झाडं लावा की. जास्वंदीचं कुंपण करा, शिंजीर दिवसभर उलटे लटकतील. पपईची दोन झाडं त्यांच्या नावाने सोडा. मागे रुमड असेल, म्हणजे तुमचा उंबर, तो तोडू नका, पिकला की तांबट, बुलबुल, हळद्या, सगळी पंगत तिथेच बसते. आणि पत्रात एक ओळ होती की घरमालक म्हणाला मागचा काजरा विषारी आहे, पाडून टाकू का. नाही! बी विषारी आहे खरं, पण गर धनेश खातात, पिवळ्या-केशरी फळांवर धनेश बसलेला एकदा बघितलास ना की परत जायचं नाव काढणार नाहीस. शिवाय गोव्यात १९८४ चा झाडं राखायचा कायदा आहे, वनखात्याची परवानगी न घेता झाड पाडलं तर मालकाच्या अंगाशी येईल, हे त्याला सांगितलंस की तो स्वतःच गप्प बसेल.

एक राहिलं, काचा. पावसाबरोबर तिबोटी खंड्या नावाचं एक चिमुकलं रत्न येतं, चिमणीहूनही लहान, जांभळं-केशरी, चोच लालभडक. व्हाळाच्या दरडीत बीळ करून घरटं घालतो, आणि उडतो इतका खाली आणि इतका वेगात की घराच्या काचेवर आपटतो. आमच्या खिडकीवर आपटला होता, हातात घेतला तर वजनच लागेना, फक्त छाती धडधडतेय एवढंच कळत होतं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवला, अंधार केला, पाणी पाजायच्या भानगडीत पडले नाही, तासाभराने खोका अंगणात नेऊन उघडला तर माझ्याकडे न बघता जो सुटला तो सुटला. तुमच्या त्या मोठ्या नवीन काचेवर बाहेरून जुनी मासे पकडायची जाळी सोडा. दिसायला बरं दिसत नाही, असू दे.

आता बाग. साठ रोपं गेली म्हणून वाईट वाटलंच, पण बाय, जुलैत तुमच्या सत्तरी तालुक्यात उघड्यावर टोमॅटो कोण लावतं ग? तुला व्हिडिओत कुणीतरी सांगितलं असणार. पुण्याच्या मातीचं आणि इथल्या मातीचं गोत्र वेगळं. इथे लाल चिऱ्याची आंबट माती, वरून एवढा पाऊस की खत टाकलं तर ते रोपाच्या आधी व्हाळात पोचतं. आणि हिरवीगार रोपं पिवळी न पडता अचानक मान टाकतात ना, तो बहुतेक मर रोग असतो, मातीतल्या बॅक्टेरियाचा. घरीच बघता येतो. मेलेल्या एका रोपाचं खोड मुळाच्या वर तिरकं काप, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घे, कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं खोड धरून ठेव, हलवू नको, चार-पाच मिनिटांत टोकातून दुधासारखी बारीक तार खाली सुटायला लागली की समज तोच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, जिवंत काहीतरी धुरासारखं उतरत होतं. तसं निघालं तर रोपं उपटून जाळ, कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नको, आणि त्या वाफ्यात पुढची काही वर्षं टोमॅटो, मिरची, वांगं यातलं काहीच नको, ही सगळी एकाच घरातली भावंडं. फारच हौस असली तर नवीन माती भरून ग्रो बॅगेत कर, तेही पाऊस गेल्यावर. जुने गोवे जवळ एला इथे केंद्र सरकारची शेती संशोधन संस्था आहे, त्यांनी या रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्यात, बी तिथे विचार. माती तपासायची तर वाळपईच्या कृषी कार्यालयात जा.

मग आत्ता काय लावायचं? ज्याला पाऊस आवडतो ते. भेंडी, दोडकी, पडवळ, कारलं, तवशी (काकडी), चिबूड. अळू तर तुझ्या न्हाणीच्या पाण्यावर आपोआप येईल. हळद लाव, कंद मोठा झाला नाही तरी पानं मिळतील आणि पुढच्या वर्षी नागपंचमीला पातोळ्या होतील, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळीचा वास घरात पसरला ना की बुरशीचा वास हरतो, हा माझा अनुभव. पण हे सगळं सपाट वाफ्यात नाही, मातीचे ढीग करून त्यावर, म्हणजे पाणी मुळाशी थांबत नाही. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, मीठ मातीवर टाकू नको, माती बिघडते. तुझ्या डोक्यात जी बाग आहे, तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, नवलकोल, मिरची, ती इथे दसऱ्यानंतर होते. भात कापून झालं की लोक त्याच शेतात भाजी, अळसांदे (इथली चवळी), मिरच्या लावतात आणि तेव्हा तू बघशील की तुझी शेजारीण काय करते ते. तांबडी भाजी तर महिन्यात ताटात येते.

आणि पीक आलं की खेती येणारच. माकडं ग. त्यांचा हिशोब आधीच धरून लाव, दहा लावलीस तर सहा आपली. फटाके, गुलेल, सगळं करून झालंय लोकांचं. एक मात्र गंभीरपणे सांगते, सत्तरीत २०१५ पासून माकडतापाच्या केसेस झालेल्या आहेत. हा गोचिडीतून येतो, पावसात नाही, उन्हाळ्यात, काजूच्या दिवसांत. कुठे मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं. जानेवारीपासून सुक्या पाचोळ्यात बसायचं नाही, काजूच्या बागेतून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे धुवायला. लस, अंगाला लावायचं तेल, जे काय चालू असेल ते वाळपईला विचारून ठेव.

हवामानाचं बोलायचं तर तुझं ॲप खोटं बोलत नाही, त्याला तुझं गाव माहीत नाही एवढंच. समुद्रावरून आलेला ढग पणजीवर थोडा सांडतो आणि सह्याद्रीला आपटला की उरलेला सगळा तुमच्या डोक्यावर रिकामा करतो. पणजीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, वाळपईला त्याहून बराच जास्त, आणि तुम्ही तर वाळपईच्याही पुढे डोंगराच्या पायथ्याला. तासातासाचा अंदाज बघून कपडे वाळत घालायचे हे विसर. ऑरेंज-रेड अलर्ट मात्र बघायचाच, पणजीच्या आल्तिनोवरच्या वेधशाळेचा, तो मस्करीत घ्यायचा नाही, २०२१ च्या जुलैत म्हादई नदीच्या काठच्या लोकांची घरं कशी पडली ते तुझ्या गावात कुणालाही विचार. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या दोन माडी गोठ्यावर आडव्या झाल्या आणि करंट पाच दिवस नव्हता. म्हणून घरावर आलेल्या फांद्या मेच्या आधी छाटून घ्यायच्या, आणि गडगडायला लागलं की राऊटरची पिन काढायची, तुमची नोकरी त्या डबीवर आहे. बाकी रोजचं म्हणशील तर, कपडे आतच वाळतात, दोन दिवस लागतात, पंखा लावून ठेव आणि जीन्स घालणं सोड. चामड्याच्या बॅगा खोबरेल पुसून हवेशीर टांगायच्या, कपाटात कोंबायच्या नाहीत. मीठ बरणीत पाणी होतं, त्यात तांदळाचे दाणे टाक. आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पुरुमेंत भर, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आमसुलं, सुक्या मिरच्या, कांदे, खात असाल तर सुकं मासळी, फणसाची साटं. घरात भरलेला डबा असला की बाहेरच्या पावसाची भीती निम्मी होते, मला तरी तसं झालं.

तू मार्चमध्ये आलीस, म्हणजे तू आत्तापर्यंत फक्त उकाडा आणि पाऊस बघितलायस. श्रावणातलं ऊन बघितलं नाहीस, चवथ (गणेशचतुर्थी) बघितली नाहीस, डिसेंबरची थंडी आणि सकाळचं धुकं बघितलं नाहीस. पुढच्या मार्चपर्यंत थांब आणि मग लिही मला, तेव्हाही जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही.

आता खरं दुखणं. चार पानी पत्रात तू एका ओळीत उरकलंस, पण मला वाटतं रडू तुला टोमॅटोचं येत नाही, याचं येतं.

अळमी म्हणजे बाजारातली पांढरी बटण मशरूम नाही बाय. ती रोयणीवर येते, वाळवीच्या वारुळावर, वाळवी आत ती पोसते म्हणून येते, माणसाला लावून पिकवता येत नाही. पावसाच्या सुरुवातीला मोजके दिवस. तुझ्या शेजारणीच्या घरातलं कुणीतरी काळोखात उठून, जळवा लावून घेऊन, फक्त त्यांनाच माहीत असलेल्या जागी गेलं असणार, ही जागा लोक सख्ख्या भावाला सांगत नाहीत. बाजारात नेली असती तर पैसे झाले असते. ती विकली नाहीत, वाटण घालून तुझ्याकडे पाठवली, आणि तू दाम मोजलंस. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहितीय, पुण्यात कुणाचं फुकट घ्यायला नको वाटतं. पण तिला काय कळलं, तर ही बाई मला विकणारी समजते. मी पण एकदा असंच केलंय, पैसे नव्हते दिले, पण डबा घासून पुसून रिकामा परत पाठवला होता. सासूबाईंनी तो वाटेतूनच परत आणवला, त्यात मूठभर गूळ घातला आणि मग पाठवला. मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

माफी मागायला जाऊ नको. सॉरी म्हटलंस तर ती लाजेल, मग तुम्ही दोघी उंबऱ्यावर उभ्या राहून "नाही नाही, तसं काय नाही" करत बसाल. काहीतरी मागायला जा. अळवाचे दोन कंद माग, दोडकीचं बी माग, मर रोगाचं विचार, चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी कशी बांधतात, तिला लागणारी कवंडळं (रानफळं) कुठे मिळतात ते विचार. जिच्याकडे मागायला येतात ती मोठी होते, आणि तिला तेवढंच हवंय. ती कोकणीत बोलेल, तू मराठीत बोल, सत्तरीत दोन्ही चालतं, निम्मी माणसं एका वाक्यात दोन्ही बोलतात.

आणि झाकण आहे ना तुझ्याकडे. आजच घेऊन जा, पाऊस थांबायची वाट बघू नको, तो थांबणार नाही. झाकण उलटं धर आणि त्यात मावतील तेवढे शेंगदाण्याचे लाडू ठेव, चार बसतील. पुण्याचे म्हणून सांग.